मागच्या खोलीचे चार दिवस

ज्या रक्ताचा डाग कुणाला दिसू नये म्हणून हेमांगीने जन्मभर जिवाचा आटापिटा केला होता, तेच रक्त मिरजेच्या रुग्णालयाने तिला जपून आणायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसाचं, त्यांनीच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पेटीतून, उन्हं तापायच्या आत.

पुजाऱ्यांच्या घरातून अशी पेटी बाहेर काढणं म्हणजे दिव्यच होतं. ती मागच्या दाराने निघाली, तर नेमका धाकटा दीर अवधूत बोळात स्कूटर पुसत उभा.

"काय वहिनी, आइस्क्रीम का?"

"तुमच्या कामाचं नाही, भाऊजी."

"मग मुग्धासाठी तरी ठेवा की थोडं."

"तुमच्या बायकोचं तिला आहे," म्हणून हेमांगी रिक्षात बसली. मिरज येईपर्यंत तिला मधूनच हसू फुटत होतं.

प्रयोगशाळेत ती पेटी तस्नीम मुजावर नावाच्या मुलीने दोन्ही हातांनी घेतली, भरलेलं तुपाचं भांडं घ्यावं तशी. तस्नीम जीवशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि या नव्या उपचारावरच्या संशोधनात काम करत होती. समोरच्या बाईला सगळं समजावून सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"गर्भाशयाला आतून अस्तर असतं," तिने हातमोज्याच्या खोक्यावरच चित्र काढलं. "ते दर महिन्याला वाढतं आणि गळून पडतं. गळताना खालच्या बारीक रोहिण्या उघड्या पडतात. स्क्रूसारखा पीळ असतो त्यांना. त्यांनी वेळेवर आवळून घ्यायचं असतं. तुमच्या आवळत नाहीत, आणि वर धरलेली गुठळीही लवकर विरघळते."

"वायसर गेलाय म्हणा की."

तस्नीमने पेन थांबवलं. "वायसर गेलाय. हो, अगदी."

वायसर गेलेल्या बायकांसाठी आजवर गोळ्या होत्या, पिशवी काढून टाकणं होतं, आणि आतलं अस्तर जाळून टाकणंही होतं. जाळल्यामुळे पुष्कळ जणींना आराम पडे, पण काहींना आत व्रण धरे आणि त्यामागे रक्त अडकून कळा येत. नवा उपचार वेगळा होता. थंड वाफेने अस्तराचा वरचा थर अलगद उतरवायचा आणि उघड्या जागेवर त्याच बाईच्या मूळपेशींपासून वाढवलेला पातळ पापुद्रा अंथरायचा. या मूळपेशी मिळवायला सुई लागत नाही की भूल लागत नाही. दर महिन्याच्या रक्ताबरोबर त्या आपसूक वाहून जात असतात. कुणी कधी बाटली घेऊन उभं राहिलं नव्हतं, एवढंच.

पापुद्र्याखाली केसाएवढी बारीक कडी बसवत. त्या सैल रोहिण्यांना आवळणारं औषध ती थेंबाच्याही हजाराव्या भागाने सोडत राही. किती सोडायचं ते बाईने स्वतः ठरवायचं. रुपयाएवढी एक चकती मिळे, तिच्यावर शून्यापासून पाचापर्यंत आकडे. चकती ओटीपोटावर धरून आकडा लावायचा. जितका आकडा, तितके दिवस पाळी. तीन महिने आकडा बदलून बघता येई. मग कडीचं औषध सोडायचं दार पक्कं करत आणि पाच वर्षं तोच आकडा राही.

"एक विचारू?" तस्नीमने आवाज खाली आणला. "माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं? लोह कमी झालं की वाटतं, म्हणून विचारते."

हेमांगीने दाराकडे पाहिलं. "कुंभारमाशीचं घर," ती म्हणाली. "जुनं. रिकामं झालेलं."

तस्नीमच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. तिला आनंद झालेला दिसला. "चव कशी असते?"

"पहिला पाऊस पडल्यासारखी," असं सांगावं असं हेमांगीला वाटलं, पण ती म्हणाली, "मडक्यासारखी. जरा आंबूस."

*

कृष्णाकाठच्या अमरघाट गावात दत्ताचं देऊळ आहे आणि त्याचा रोजचा नैवेद्य पुजाऱ्यांच्या घरातून जातो. सोवळ्यात रांधलेला, न चाखलेला. देव जेवायच्या आधी मिठाचा कण जिभेवर ठेवायचा नाही, सगळं हाताच्या अंदाजाने. अलीकडे त्या स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला होता. नेवाड्यापासून न्यूझीलंडपर्यंतचे भक्त आपापल्या नावाच्या नैवेद्याचं पुरण शिजताना पाहत. 'हेमांगीवहिनी, आज डोळे ओढलेले दिसतात' असा निरोप परक्या देशातून यायचा, आणि घरातल्या घरात ते कुणाला दिसलेलं नसायचं.

घरात तीन बायका. सासूबाई नलूकाकू, मोठी सून हेमांगी, धाकटी मुग्धा. ज्या सुनेला कावळा शिवेल तिने चार दिवस मागच्या खोलीत बसायचं. बाकीच्यांनी काम ओढायचं. जग कुठल्या कुठे गेलं होतं, घाटावर विजेच्या नावा फिरत होत्या, पण देवाच्या चुलीचा नियम तोच होता. हेमांगीचा नवरा श्रीपाद म्हणायचा, "मला काही वाटत नाही गं, पण भक्तांना वाटतं." भक्तांना काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं.

मागच्या खोलीला एक खिडकी होती आणि तिच्या चौकटीत दरवर्षी कुंभारमाशी घर बांधायची. हेमांगी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी तिला ते दाखवलं होतं. दोघी तेव्हा एकदमच बाजूला बसल्या होत्या. "ही बघ कुंभारीण. चिखलाची गोळी आणते, थापते, पुन्हा जाते. हिला कुणी हाक मारत नाही." नव्या सुनेला सासू आवडली ती त्या वाक्याने.

पुढे पुढे मात्र हेमांगीला माशी दिसेनाशी झाली. पोटाशी उशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं, तासातासाला उठायचं, चादर पालथी घालायची. हिमोग्लोबिन साडेसहावर आलं. पायरी चढताना कानात नदी वाहायची. मिरजेच्या उपचाराची बातमी सासूबाईंनीच आणली, रुग्णालयात नाव त्यांनीच घालायला लावलं. "तू बरी झालीस की मी सुटले," असं त्या म्हणाल्या. त्या म्हणण्यात आणखी काही असेल असं हेमांगीला तेव्हा वाटलं नाही.

*

उपचार झाला त्या संध्याकाळी बाळंतकळांसारख्या कळा आल्या आणि ओसरल्या. मग पाणी जाऊ लागलं. फिकट गुलाबी, मग नुसतंच पाणी, इतकं की तिला वाटलं आपण आतून धुऊन निघतोय. याची तयारी तस्नीमने करून दिली होती. ज्याची तयारी कुणीच करून दिली नव्हती ती गोष्ट म्हणजे झोप. हेमांगी दुपारी झोपली ती दिवेलागणीला उठली आणि चादर पांढरी होती. ती बराच वेळ चादरीकडे बघत बसली.

तपासणी गुरुवारी असायची. बाकावर ठरलेल्या दोघी भेटत. सिंधू कांबळे एस.टी.त कंडक्टर होती. पद्मा मगदूम शिरोळच्या मळेकरणी.

"दहा वर्षं काळ्या पँटीशिवाय ड्युटी केली नाही," सिंधू सांगत होती. "डेपोत संडासाला कुलूप, किल्ली साहेबाकडं. आता बघा." तिने पाय लांब केले. खाकी पँट होती, नवी कोरी.

"आत साठत नाही ना पण?" पद्माबाईंनी पुन्हा विचारलं. त्या दर गुरुवारी हेच विचारत.

"साठायला मुळात तयारच होत नाही, मावशी," तस्नीम म्हणाली. "अस्तर पातळ राहतं. शेतात पेरलंच नाही तर कापणी कसली?"

"तरी मी एक ठेवलाय. घाण गेलेली डोळ्यानं दिसली की बरं वाटतं."

"मी दोन," सिंधू म्हणाली. "चाळिशी झाली माझी, पण नवऱ्याचा भरवसा नाही. आली की कळतं, दिवस गेले नाहीत म्हणून."

तस्नीम तिथेच बाकाच्या टोकावर बसली. "मला खरंच कळत नाही. हा उपचार ज्यांनी शोधला त्यांनी गृहीत धरलं होतं की सगळ्या बायका शून्य लावतील. नुसत्या चालू-बंद बटणावरच भागवणार होते. आणि इथे अर्ध्याहून जास्त जणींनी आकडा ठेवलाय. चार ठेवणाऱ्यासुद्धा आहेत. रक्त जाऊन मरायला टेकलेल्या बायका, आणि रक्त परत मागून घेतात. हेमांगीताई, तुमचा किती?"

"सध्या शून्य."

"आणि पक्का करायच्या वेळी?"

"बघू," हेमांगी म्हणाली. तिलाही त्या प्रश्नाने आतून टोचलं होतं, कारण त्याच सकाळी तिने चकती हातात घेऊन तिच्यावरच्या चाराकडे बरंच टक लावून पाहिलं होतं.

त्याचं कारण घरी घडत होतं. आकडा शून्यावर आल्यापासून ती एकदाही बाजूला बसली नव्हती. मुग्धा बसली की हेमांगी. मुग्धाच्या मुलाला ताप आला की हेमांगी. शेजारच्या जोशांकडे श्राद्ध, त्यांची सून बाहेरची, तर "हेमांगीवहिनीला विचारा, तिला काही अडचण नसते आता." अंगात ताकद आली होती, पायऱ्या ती दोन-दोन चढत होती, माती बघून तोंडाला पाणी सुटत नव्हतं. आणि तीन महिन्यांत मागच्या खोलीत ती केर काढण्यापुरतीच गेली होती.

मग एका सकाळी सासूबाईंनी देवघरातून आपली तांब्याची कळशी आणून तिच्यापुढे ठेवली. सोवळ्याचं पाणी त्या कळशीतूनच भरलं जाई. घरातल्या ज्या बाईची पाळी कायमची गेली असेल तिचाच त्या कळशीवर हात.

"आता ही तुझी," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे गेले. एकदाचा शून्य पक्का करून ये, म्हणजे दत्तजयंतीपासून चूल तुझ्याकडे. घरातला मोठा मान आहे हा."

श्रीपादचा चेहरा उजळला. अवधूत म्हणाला, "बरं झालं, रोजची ओढाताण गेली." कॅमेऱ्यातून कुणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. हेमांगीने कळशीला नमस्कार केला आणि तिला आपलं मनगट एकदम जड वाटलं.

*

आकडा पक्का करायच्या दिवशी सासूबाईही बरोबर आल्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी त्यांची हाडं तपासायला सांगितली होती. हेमांगी फाइल घेऊन शेजारी उभी होती.

"पाळी कितव्या वर्षी गेली, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी हेमांगीकडे पाहिलं. "हेमा, जरा पाणी आण बघू."

हेमांगी पडद्यापलीकडे गेली. पाण्याची टाकी तिथेच होती.

"सेहेचाळिसाव्या," सासूबाई हळू म्हणाल्या.

"किती? सेहेचाळीस?" डॉक्टर मोठ्याने म्हणाले. "म्हणजे पंचवीस वर्षं झाली की. हाडं ठिसूळ होणारच. आधीच कुणाला सांगायचं होतंत."

पेला भरून वाहायला लागला तरी हेमांगीने नळ बंद केला नाही. तिच्या डोक्यात साधी वजाबाकी चालली होती. लग्नाला वीस वर्षं. सासूबाई आता एकाहत्तर.

कॅन्टीनमध्ये तिने दोन चहा घेतले आणि त्यांच्यासमोर बसली.

"आई, मी घरात आले तेव्हा तुम्ही एक्कावन्न वर्षांच्या होता."

"असेन."

"पहिल्याच श्रावणात आपण दोघी मागच्या खोलीत होतो. कुंभारीण तुम्हीच दाखवलीत."

"चहा निवतोय गं."

"आई."

सासूबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायला मात्र नाही. "एकविसाव्या वर्षी त्या चुलीपुढे बसले मी. गेली तेव्हा वाटलं, सुटले. दोन महिन्यांनी ध्यानात आलं, आता कधीच सुटायची नाही. महिनाभर एकही दिवस नाही गं हक्काचा. मग पुढल्या महिन्यात सांगून टाकलं, कावळा शिवला. तपासायला कोण येतंय?"

"मामंजींना ठाऊक होतं?"

"छे. सात वर्षं बसले. शेवटी तुझ्या आत्येसासूबाई म्हणाल्या, 'वहिनी, अजून?' मग लाज वाटली. थांबवलं."

"आणि तरी कळशी मला द्यायला निघालात."

सासूबाई बशीतल्या चहावर धरलेल्या सायीकडे बघत राहिल्या. "मग कुणाला देऊ? मला उठवत नाही चुलीपुढून." त्यांनी बशी बाजूला सारली. "तू चार ठेव. मी विचारणार नाही."

आत गेल्यावर तस्नीमने तिला चकती दिली. हेमांगीने ती हातात फिरवली. चार लावले तर पूर्वीसारखं रक्त जाणार नव्हतं, पण जाणार होतंच. कण्हत भिंतीकडे तोंड करायचं नसलं तरी चादर बघतच उठायचं होतं. शून्य लावून सासूबाईंसारखं गप्प राहिलं तर रक्तही वाचलं असतं आणि खोलीही मिळाली असती. सात वर्षं. मग एक दिवस मुग्धाने विचारलं असतं, 'वहिनी, अजून?'

"तस्नीम, यात एक चूक आहे," ती म्हणाली.

"कडीत?" तस्नीम दचकली.

"चकतीत. रक्त आणि दिवस तुम्ही एकाच आकड्यात बांधलेत. ज्यांनी चार ठेवलेत त्यांना विचारा, त्यांच्या घरी चार दिवस त्यांना कोण हाक मारत नाही ते."

तस्नीमने लिहायला पेन काढलं. "म्हणजे त्या विश्रांतीसाठी रक्त मोजतायत," ती म्हणाली. "सगळ्याच?"

"सगळ्या नसतील. सिंधूचं वेगळं आहे, पद्माबाईंचं आणखी वेगळं. पण विचारून बघा."

तिने शून्य लावला आणि चकती पोटावर धरली. आतून काहीच जाणवलं नाही. यंत्राने बारीक आवाज केला आणि तस्नीम म्हणाली, "झालं. पक्का."

*

रात्रीच्या पंगतीत ताक वाढता वाढता हेमांगीने सांगितलं, "शून्य पक्का करून आले. आणि महिन्याचे चार दिवस मी मागच्या खोलीत बसणार आहे. पहिल्या गुरुवारपासून."

अवधूतचा घास हातातच राहिला. "वहिनी, पण मग बसायचं कशाला? कारणच उरलं नाही ना."

"मला हवेत, हे कारण आहे."

"आणि नैवेद्य?" श्रीपादने विचारलं.

"सोवळं तुम्हालाही नेसता येतं. मुंज झालेली आहे तुमची."

"असं कारणाशिवाय सुरू झालं," अवधूत म्हणाला, "तर उद्या सगळ्यांनाच हवे होतील चार दिवस."

मुग्धाने मान खाली घालून भात कालवला. सासूबाईंनी ताकासाठी वाटी पुढे केली. जेवणं तशीच उरकली, आणि हेमांगी भांडी आवरताना विचार करत राहिली की खरं बोलून नेमकं काय हाती लागलं. सासूबाई तर बसत होत्या सात वर्षं, एका साध्या खोट्यावर.

पहिल्या गुरुवारी सकाळी ती न्हाऊन आली तेव्हा कळशी जागेवर होती आणि चूल थंड होती. श्रीपाद आणि अवधूत स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. सासूबाई काखोटीला सतरंजी घेऊन, भिंत धरत धरत मागच्या दाराकडे चालल्या होत्या.

"आई, कुठे निघालीस? नैवेद्याची वेळ झाली," श्रीपाद म्हणाला.

"मी बाजूला आहे," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? कावळा शिवला."

"आई, अगं, या वयात?" अवधूत कसाबसा म्हणाला.

"कावळ्याला वय विचारायचं असेल तर जा, घाटावर बसलेत, विचार." त्या वळल्या. "हेमा, येतेस ना? मला खाली बसायला हात लागतो."

हेमांगीने त्यांच्या हातातली सतरंजी घेतली. इतक्यात जिन्यावरून मुग्धा उतरली, तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि ती पायरीवरच थांबली.

"मी तर आज खरीच आहे," ती म्हणाली.

त्या खोलीत तिघी एकदम कधी बसल्या नव्हत्या. जागा कमी पडली. सासूबाईंनी पाय लांब केले, मुग्धाने त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. पलीकडून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत होते. कॅमेऱ्यावर कुणीतरी विचारलं असावं, कारण श्रीपादचा ओशाळलेला आवाज आला, "नाही, नाही, सगळ्या बऱ्या आहेत. आज आम्ही करतोय."

थोड्या वेळाने कद नेसलेला अवधूत अंगणात, नियमाप्रमाणे खोलीपासून लांब, येऊन उभा राहिला. हाताला डाळीचं पीठ. "आई, आमटीत मीठ किती?"

"चाखायचं नाही," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "अंदाजाने घाल."

"अंदाज कसा येणार?"

"येतो. वीस वर्षांनी."

हेमांगीचं तिकडे लक्ष नव्हतं. खिडकीच्या चौकटीत कुंभारमाशी आली होती. इतकी वर्षं तिने नुसती चिखलाची गोळी आणणारी माशी पाहिली होती. आज माशीने पायांत एक हिरवी अळी धरली होती, स्वतःएवढी लांब. ती जिवंत होती, पण हलत नव्हती. माशीने ती गाडग्याच्या तोंडातून हळूहळू आत सारली, मग उडून गेली आणि चिखल घेऊन परतली.

"आई, ही आत अळ्या भरते. तुम्हाला ठाऊक होतं?"

सासूबाई कोपरावर टेकून पुढे झाल्या. "नाही गं. मी नेहमी झोपायचे."

"मीही," हेमांगी म्हणाली, आणि माशी गाडग्याचं तोंड बंद करेपर्यंत तिघींनी डोळे हलवले नाहीत.